रिकामी ट्यूब जपणाऱ्या बायकांच्या वतीने

तीर्थस्वरूप वन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

या घरात सून म्हणून आलेल्या, या घरातून सासरी गेलेल्या आणि कुठेही गेल्या तरी खाज सुटली की आधी दाराची कडी लावणाऱ्या तमाम बायकांनो, आपल्यावर अन्याय झालेला आहे. आपला दात दुखला तर गाल धरून चारचौघांत बसता येतं. गुडघा दुखला तर त्यावर तासभर बोलता येतं आणि ऐकणारा आपलाही गुडघा काढून दाखवतो. पण आपल्या शरीराचा एक भाग असा आहे की त्याला दुखायची परवानगीच नाही. तो दुखला तर आपण म्हणतो, "जरा बरं नाही." हा जो "जरा" आहे, त्याच्याविरुद्ध मी आज उभी आहे.

(वन्सं, घाबरू नका, पत्र तुम्हा एकट्यांनाच आहे. सुरुवात सभेसारखी झाली त्याला माझा इलाज नाही. कोरा कागद समोर आला की मला मैदान दिसतं आणि पेन हातात आलं की माइक. उभी आहे असं लिहिलं तेही खरंच आहे, मी ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. बसवत नाही. कारण पुढे येईल.)

तर, तुमची तब्येत कशी आहे? जिना चढताना धाप लागते असं फोनवर म्हणाला होतात, ती कमी झाली का? गॅलरीतल्या कुंड्यांना भावजी पाणी घालतात की अजून फक्त सल्लाच घालतात? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण ते खोटं होईल. तुमचे बंधू मात्र ठणठणीत आहेत. मी वरिष्ठांना निवेदन लिहिते आहे असा त्यांचा समज आहे आणि तो चुकीचा आहे असं मला वाटत नाही.

आता विषय. गेली काही वर्षं मला "तो त्रास" आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, कारण त्यावरची ट्यूब तुम्हीच दिलीत. पण मी ठरवलं आहे की या पत्रात त्या त्रासाला नाव द्यायचं. मला योनीमध्ये बुरशीचा संसर्ग होतो, तिला यीस्ट म्हणतात, आणि तो बरा होऊन पुन्हा पुन्हा होतो. लिहिलं. कागद फाटला नाही, छत कोसळलं नाही, बाहेर तुमचे बंधू वर्तमानपत्राचं पानसुद्धा न उलटता बसले आहेत. हे एक वाक्य लिहायला मला किती उन्हाळे लागले, आणि मी म्हणे कामगारांच्या प्रश्नांना वाचा फोडते.

आम्ही या घरात राहायला आलो त्या उन्हाळ्यात हे सुरू झालं. आग, खाज, फाटलेल्या दुधासारखं पांढरं जाणं. तुम्ही सामान लावायला आला होतात. माझी चाल पाहून काही न विचारता तुम्ही चष्म्याच्या घरातून ट्यूब काढलीत आणि म्हणालात, "लाव. सकाळपर्यंत थांबतं." खरंच थांबलं. मग तुम्ही मला घराण्याची रीत समजावलीत, की ट्यूब संपली तरी टाकायची नाही. रिकामी ट्यूब घेऊन दुकानात जायचं, काउंटरवर ठेवायची, दुकानदार तिच्याकडे बघून भरलेली देतो, आपण ती पिशवीत टाकायची आणि घरी यायचं. तोंडातून एक शब्द काढावा लागत नाही. ही युक्ती मला तेव्हा इतकी आवडली होती की काय सांगू. सासूबाईंच्या दागिन्यांतलं मला काही आलं नाही त्याचं वाईट वाटलं होतं, ते त्या दिवशी भरून निघालं.

पण त्रास परत येई. थांबे आणि येई. विशेषतः मोठी सभा झाली की हमखास. मला वाटायचं, हा शत्रू चळवळीच्या विरोधात आहे. आमच्या संघटनेच्या गेल्या वार्षिक सभेचं ऐका. आमच्या कार्यालयाच्या मीटर विभागात आणि सभागृहातही रेक्झिनच्या खुर्च्या होत्या, तुम्ही त्यांवर कधी बसला नाहीत म्हणून तुमचा देवावर विश्वास आहे. उन्हाळ्यात त्यांच्यावरून उठताना कापड फाटल्यासारखा आवाज यायचा. सभेआधी नेहमीप्रमाणे माझा घसा बसला, नेहमीप्रमाणे मी दुकानातून त्या लाल-पिवळ्या कॅप्सूल आणून घेतल्या, घसा सुटला आणि सभेच्या दिवशी दुसरीकडे आग लागली. मी बोलायला उभी राहिले. उभं असताना निभतं. पण अध्यक्षांनी मध्येच कागद शोधायला वेळ घेतला आणि मला खुणेने बसायला सांगितलं. त्या खुर्चीवर बसणं मला शक्य नव्हतं. मी माइक धरला आणि म्हणाले, "आता आपण बसायचं नाही." मग मागून कुणीतरी उठलं, मग रांग उठली, मग सगळं सभागृह उभं राहिलं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, त्याला लोक संताप समजले. मागणी काय ते अजून ठरलं नव्हतं, तेव्हा मी समोर जे दिसलं तेच मागितलं, खुर्च्या. आज आमच्या विभागात वेताच्या खुर्च्या आहेत, हवा खेळते, आणि साहेब मला विचारतात की बाई, हा मुद्दा तुम्हाला सुचला कसा. मी म्हणते, अभ्यासातून.

अभ्यास केला हे मात्र खरं आहे. वाचनालयातून जाड पुस्तकं आणली, त्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली. वन्सं, हा प्राणी (प्राणी नव्हे, वनस्पतीही नव्हे, त्याची जातच वेगळी आहे) आपल्या अंगात एरवीही असतो. बऱ्याच जणांच्या तोंडात, आतड्यात, तिथे. काही न बोलता, कोणाला त्रास न देता राहतो. त्याच्या शेजारी दुसरे सूक्ष्म जीव राहतात आणि ते त्याला हातपाय पसरू देत नाहीत. शेजारी उठून गेले की हा पसरतो. हे वाचून मी पुस्तक मिटलं. इतकी वर्षं मी ज्याला बाहेरचा घुसखोर समजून शिव्या घालत होते, तो घरचाच निघाला. मग मला प्रश्न पडला की शेजारी कुठे जातात? त्याचं उत्तर तेव्हा मिळालं नाही.

पण प्रश्न पडला की माणूस गप्प बसत नाही. पुस्तकात एके ठिकाणी होतं की पाव फुगतो तो यीस्टमुळे. एवढं वाचून मी घरात पावबंदी जाहीर केली. साखरबंदीही केली, कारण यीस्टला साखर आवडते. स्वयंपाकघरात मी या विषयावर जे बोलले ते ऐकून तुमच्या बंधूंनी आपला गोड चहाचा कप उचलून बाहेर नेला. नंतर ते गॅलरीत तोंड फिरवून, लपून सिगरेट ओढावी तसा पाव खाताना सापडले. मी म्हटलं, ठीक आहे, शत्रू कसा दिसतो ते आधी बघू. दुकानातून पावाचं कोरडं यीस्ट आणलं, कोमट पाण्यात साखर घालून त्यात सोडलं आणि ओट्यावर वाडगं घेऊन बसले (म्हणजे उभी राहिले). आधी काही नाही. मग एक बुडबुडा. मग फेस असा काही चढला की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हे आले, बघितलं आणि म्हणाले, "काल याला शिव्या घालत होतीस, आज साखर घालतेस?" मी म्हटलं, मी निरीक्षण करते आहे. फेस फुकट जाऊ नये म्हणून त्यात पीठ मिसळलं. पाव झाला, आणि चांगला झाला. पावबंदी त्याच दुपारी उठली. (पावातलं यीस्ट निराळं, आपलं निराळं, पावाने आपल्याला काही होत नाही, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. दह्याचंही विचारलं. त्या म्हणाल्या, खायचं तर खुशाल खा, दुसरीकडे कुठेही लावू नका. तो प्रयोग मी केला होता हे मी त्यांना सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगत नाही.)

हे सगळं चाललेलं असताना तुमच्या बंधूंनी न्हाणीघरातलं कपाट आवरलं. इतक्या वर्षांत कधी नाही ते. आणि माझी रिकामी ट्यूब टाकून दिली. मी विचारलं तर म्हणाले, "संपलेली होती." आपल्या घरात संपलेल्या ट्यूबला भरलेलीपेक्षा जास्त किंमत आहे, हे त्यांच्या बहिणीने त्यांना कधी सांगितलंच नाही.

म्हणजे आता बोलणं भाग होतं. मी औषधांच्या दुकानात गेले. मैदानात माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत माझा आवाज जातो, हे तुम्ही ऐकलेलं आहे. दुकानदाराने विचारलं, "काय देऊ ताई?" आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मलाही ऐकू आला नाही.

"मोठ्याने बोला."

"ट्यूब हवी आहे. खाजेवरची."

"खाज कुठे आहे?"

मागे रांग होती. रांगेत आमच्या कार्यालयातले टपाल विभागाचे कारकून उभे होते. मी म्हटलं, "मला नाही, एका बाईंना आहे."

"त्या बाईंना कुठे आहे?"

"त्या घरी आहेत."

"त्या घरी आहेत हो, पण खाज कुठे आहे?"

मी काउंटरवरच्या बरणीचं लेबल मन लावून वाचायला लागले. शेवटी कारकुनांना माझी दया आली. ते पुढे येऊन म्हणाले, "अहो, मॅडमना घशाच्या कॅप्सूल द्या, त्यांचा आवाज बसलाय, दिसत नाही का?" आणि मी घशाच्या कॅप्सूल घेऊन घरी आले. उपकार म्हणून त्यातली एक घेतलीसुद्धा.

उरल्या जाऊबाई. त्यांच्याकडे असं काही असेल अशी मला आशा नव्हती, कारण त्यांच्याकडे बघून त्यांना कधी साधी शिंकही येत असेल असं वाटत नाही. त्या कप पुसत होत्या. मी म्हटलं, "जाऊबाई, तुमच्याकडे ती आहे का?"

"कुठली ती?"

"ती हो."

त्यांनी कप खाली ठेवला, आत गेल्या आणि चष्म्याचं घर घेऊन आल्या. मी ते उघडलं, आत तीच ट्यूब.

"म्हणजे तुम्हालासुद्धा?"

"तुम्हालासुद्धा म्हणजे? मी काय दगडाची आहे? आणि हळू बोला, बाहेर माणसं आहेत."

"कुणी दिली?"

"कुणी म्हणजे, वन्संनी."

"पूर्ण बरं कधी वाटलं?"

त्यांनी पुन्हा कप उचलला आणि अगदी सहज विचारलं, "ते पूर्ण बरं व्हायचं असतं का?"

वन्सं, मी आजवर अनेक फलकांवर अनेक वाक्यं लिहिली. या वाक्याएवढा राग मला कशाचाच आला नाही. जाऊबाईंचा नव्हे. दोन बायका एका भिंतीच्या अल्याडपल्याड राहतात, एकच त्रास भोगतात, एकाच दुकानदारासमोर तीच रिकामी ट्यूब ठेवतात, आणि एकमेकींना मीठ संपलंय एवढंच सांगतात. मी तिथल्या तिथे ठरवलं की डॉक्टरकडे जायचं. जाऊबाईंची ट्यूब पुरावा म्हणून बरोबर घेतली.

डॉक्टर बाई होत्या, तरुण. मी आत गेले आणि स्त्रियांच्या आरोग्याकडे समाज कसा बघतो यावर बोलायला सुरुवात केली. त्यांनी मला अडवलं नाही. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "पांढरं जातं का?" मी म्हटलं, "हो." "दह्यासारखं?" "हो." एवढंच. ज्या दोन शब्दांसाठी मी इतकी वर्षं थांबले होते ते दोन्ही "हो" निघाले. तपासणी झाली, कापसाच्या काडीवर नमुना घेतला. दुखलं नाही, लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही, त्या बोलत होत्या आणि मी प्रश्न विचारत होते. माझे प्रश्न संपेनात म्हणून नर्स दोनदा डोकावून गेली. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला बघायचंय का?" शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता. मी डोळा लावला. वन्सं, तो दिसला. बारीक लांबट दोऱ्या आणि त्यांना लागलेल्या कळ्या, एखाद्या वेलीला आलेल्या असाव्यात तशा. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडले त्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. दिसायला वाईट नाही हो. मी इतका वेळ डोळा लावून होते की मागून कुणीतरी खाकरलं.

मग त्यांनी विचारलं की मध्ये काही औषधं घेतलीत का. मी म्हटलं, छे, फक्त घशासाठी कॅप्सूल, सभेआधी घेते, दर वेळी. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या कॅप्सूल जंतू मारतात. घशातले मारतात की नाही देव जाणे (साध्या बसलेल्या घशाला त्यांची गरजच नसते म्हणे), पण खालचे ते चांगले शेजारी मात्र साफ करतात. शेजारी कुठे जातात, याचं उत्तर असं मिळालं. त्यांना मीच हाकलत होते, आणि तेही हक्कांवर भाषण करता यावं म्हणून.

आणि मग मी ट्यूब काढली. त्यांनी ती उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली. "ही कोणी दिली?"

"आमच्या वन्संनी."

"त्या डॉक्टर आहेत?"

"नाहीत. पण घरात त्यांना तसं सांगायची कोणाची हिंमत नाही."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लावलं की लगेच बरं वाटतं ना?" मी म्हटलं, ताबडतोब, म्हणून तर तिला एवढा मान आहे. त्या म्हणाल्या, तीच तर अडचण आहे. ही ट्यूब कातडीच्या इसबाची आहे, हिच्यात स्टिरॉइड आहे. ते खाज आणि आग गप्प करतं, बुरशीला मारत नाही, उलट तिला मोकळं रान देतं. वरून शांत, आतून वाढ. तेव्हा मला आठवलं, वन्सं. मामंजींच्या मानेवर इसब होतं. डॉक्टरांनी ती ट्यूब मामंजींच्या मानेसाठी दिली होती. ती मान आज जगात नाही, पण तिचं औषध आपण साऱ्या जणी जिथे लावू नये तिथे लावत आलो, आणि कुणी विचारलं नाही, कारण आपली पद्धतच अशी की विचारावं लागू नये. मागणी मान्य न करता नुसता चहा पाजून मोर्चा परत पाठवणारे साहेब मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांच्यावर तोफ डागली आहे. माझ्याच अंगात तसा साहेब मी ट्यूबमध्ये भरून ठेवला होता.

आता मला बुरशीचं योग्य औषध दिलं आहे. पुन्हा पुन्हा होणाऱ्याला ते बरेच महिने, ठरावीक अंतराने चालू ठेवावं लागतं. बरं वाटलं म्हणून मध्ये थांबवायचं नाही, हे त्यांनी मला निक्षून सांगितलं. साबणाने आतून धुवायचं नाही. सुती कपडे. आणि आपल्या मनाने ट्यूब नाही. शिवाय त्या म्हणाल्या, दर वेळी यीस्टच असतं असंही नाही, खाज वेगळ्या कारणानेही होते, म्हणून प्रत्येकीने तपासूनच औषध घ्यावं. कालच सुरुवात केली आहे, अजून आग आहे, म्हणून ओट्याशी उभी आहे.

वन्सं, तुम्हाला राग येईल. येऊ द्या. तुम्ही मायेने दिलंत, मी मायेने घेतलं, त्यात कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. भावजींना नमस्कार सांगा, पत्र मात्र दाखवू नका.

तुमची धाकटी भावजय

ता. क. जाऊबाईही डॉक्टरांकडे जाऊन आल्या. वन्संना लिहू नका असं त्यांनी मला बजावलं होतं, म्हणून पत्रात लिहिलं नाही.

ता. क. २. एक गोष्ट मला सारखी छळते आहे आणि तुम्हाला विचारल्याशिवाय राहवत नाही. ट्यूब देताना तुम्ही म्हणाला होतात की शेजारणीला हिने गुण आला. जाऊबाईंनाही तेच सांगितलंत. मी जाऊबाईंशी ताडून पाहिलं. त्यांना सांगितलंत तेव्हा तुम्ही दुसऱ्या गावी राहत होतात, मला सांगितलंत तेव्हा आताच्या गावी. प्रत्येक गावात तुमच्या शेजारणीला हाच त्रास कसा? आणि सकाळपर्यंत थांबतं, हे शेजारीण तुम्हाला सकाळी येऊन सांगायची का? वन्सं, मी शेजारणीला ओळखते असं मला वाटतं. तिच्याकडे ही ट्यूब आमच्या सगळ्यांच्या आधीपासून आहे, आणि तिला कुणीच कधी चष्म्याच्या घरातून काही काढून दिलं नाही.

ता. क. ३. आता मूळ कामाचं. पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासलीच पाहिजे, असं डॉक्टर म्हणाल्या. साखर वाढलेली असली की हा बरा होत नाही. मी अजून तपासलेली नाही. चिठ्ठी पर्समध्ये घेऊन मी प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जाऊन आले आणि तिथल्या पायरीवर मला अचानक कार्यालयातलं काम आठवलं. माझ्या आईचं साखरेनं शेवटी काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे, तिच्या उशाशी माझ्याबरोबर तुम्हीच बसला होतात. वर जे काही मोठमोठं लिहिलं आहे त्याला तुम्ही फसू नका, मला सुईची नाही, आकड्याची भीती वाटते. गुरुवारी सकाळी डॉक्टरांकडे दोन नावं देऊन ठेवली आहेत, एक माझं आणि एक तुमचं. आधी रक्त, मग तपासणी, दोघींची. तुम्ही तुमच्या शेजारणीच्या वतीने या, मला चालेल. पण बुधवारी संध्याकाळी इकडे मुक्कामाला या, आणि गुरुवारी सकाळी काहीही न खाता माझ्याबरोबर त्या दारातून आत चला.